इतिहासाचार्य वि. का. राजवाडे : माळ्यावरचे कागद वाचवणारा माणूस



चौथीत इतिहास शिकवताना मुलं हमखास विचारतात, की इतक्या जुन्या गोष्टी आपल्याला कळल्या कशा? अशा वेळी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांची गोष्ट जरूर सांगावी.

राजवाडे यांचा जन्म 1863 साली झाला. रायगड जिल्ह्यातले वरसई हे त्यांचे गाव. शिक्षण पुण्यात झाले. काही काळ त्यांनी शिक्षकाची नोकरीही केली. पत्नी लवकर वारली, तरी त्यांनी दुसरे लग्न केले नाही. पुढचे सगळे आयुष्य जुन्या कागदांसाठी दिले.

त्या काळी वाड्यांच्या माळ्यावर मोडी लिपीतली दप्तरे धूळ खात पडलेली असत. वाळवी लागे, उंदीर कुरतडत. घरच्यांना ती अडगळच वाटे. एक दप्तर गेले की त्यातली माणसे आणि घटना कायमच्या पुसल्या जात, कारण त्याची दुसरी प्रत कुठेच नसे. राजवाडे गावोगाव फिरले, लोकांना विनवले, कागद मिळवले आणि वाचले. वाईला सापडलेल्या पत्रांतून पानिपतच्या लढाईची कितीतरी माहिती उजेडात आली. 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला. पुढे असे 22 खंड झाले.

पण एकटा माणूस किती पुरणार? म्हणून 7 जुलै 1910 रोजी त्यांनी खंडेराव मेहेंदळे यांच्या साथीने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. तिथे सभा भरत, अभ्यासक निबंध वाचत, कागद जपून ठेवले जात. मंडळ आजही चालू आहे. राजवाडे पुढे धुळ्याला गेले आणि 31 डिसेंबर 1926 रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे धुळ्यातही त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले.

राजवाड्यांना सापडली ती बहुतेक लिहित्या-वाचत्या घरांची दप्तरे. ज्यांच्या घरी लिहिणारंच कुणी नव्हतं, त्या कष्टकऱ्यांच्या आठवणी मात्र कागदावर फारशा आल्याच नाहीत. ते काम आपल्या शाळा करू शकतात.

उपक्रम : मुलांनी आजी-आजोबांना गावची विहीर, बाजार, दुष्काळ, जात्यावरच्या ओव्या यांबद्दल विचारावे आणि वहीत लिहावे. सांगणाऱ्याचे नाव, वय आणि तारीख जरूर टाकावी. जुना फोटो किंवा कागद मिळाला तर मोबाईलवर फोटो काढून मूळ वस्तू घरी परत द्यावी. वह्या मात्र शाळेच्या कपाटात जपून ठेवा. आजी-आजोबा आहेत तोवरच हे होईल.