लक्ष्मणरावांचा फाळ

रब्बी निघाली की निफाड, येवला, सिन्नर या भागांत नांगरट सुरू होते आणि नाशिकच्या अवजारांच्या दुकानांत फाळाला गिऱ्हाईक लागते. काळ्या जमिनीत, विशेषतः हरळी आणि कुंदा माजलेल्या रानात, फाळ फार दिवस टिकत नाही. शेतकरी नवा फाळ हातात तोलून पाहतो, बोल्टाची भोके जुन्या नांगराशी जुळतात का ते बघतो आणि मग भावाची घासाघीस करतो. स्वस्त घ्यावा तर महिनाभरात झिजेल, महाग घ्यावा तर हंगामाचा हिशेब बिघडेल. या साध्याशा व्यवहारामागे एका मराठी माणसाची उमेदीची वर्षे आहेत. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर हे त्यांचे नाव.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. अभ्यासात मन रमेना, यंत्रे आणि चित्रे मात्र आवडत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकू लागले आणि आपल्याला रंगांमधला फरक नीट कळत नाही, हे तेथेच त्यांच्या ध्यानी आले. चित्रकाराच्या दृष्टीने याहून मोठा आघात कोणता? त्यांनी रंग सोडले आणि यांत्रिक रेखाटनाची कास धरली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. मिळायला हवी ती बढती दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरीवर पाणी सोडले.

बेळगावात थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासमवेत त्यांचे सायकलींचे दुकान होते. १८८८ हे त्या पेढीचे आरंभवर्ष मानले जाते. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या, चालवायलाही शिकवायचे. त्यातून कडबा कापण्याचे यंत्र निघाले आणि मग लोखंडी नांगर.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण खरी कसोटी येथेच होती. तोवर आपल्याकडे लाकडी नांगर चाले. त्याचा लोखंडी फाळ बोथटला की गावचा लोहार भात्यात तापवून, ऐरणीवर ठोकून त्याला पुन्हा टोक काढी आणि बलुत्याच्या धान्यात तो हिशेब फिटे. रोख पैशाचा प्रश्नच नव्हता. ओतीव बिडाच्या फाळाचे तसे नाही. बीड ठिसूळ, ऐरणीवर घेतले तर फुटते. झिजला की बदलायचा, एवढाच मार्ग. म्हणजे नांगर एकदा विकत घेऊन भागणार नव्हते. त्याचा फाळ वर्षानुवर्षे, परवडेल अशा भावात आणि हाताशी मिळायला हवा होता. विलायती नांगर येत होतेच, परंतु त्यांचा सुटा भाग सातासमुद्रापलीकडून येणार. खेड्यातल्या शेतकऱ्याने तोवर काय करायचे?

इंग्लंडात रॉबर्ट रॅन्सम याने १८०३ मध्ये फाळाची एक युक्ती साधली होती. ओतताना खालची बाजू झटकन थंड केली की ती अतिशय कठीण होते. वरची बाजू मऊ राहते आणि आधी झिजते, त्यामुळे धार आपोआप राखली जाते. त्याच कारखान्याने पुढे नांगराचे भाग परस्परांच्या जागी बसतील असे बनवले. लक्ष्मणरावांसमोर असे विलायती नमुने होते. नमुना पाहून आकार उतरवता येतो, धातूचा गुण मात्र स्वतःच्या भट्टीत कमवावा लागतो. पहिल्या नांगरांचे फाळ लवकर बोथटतात अशी तक्रार आली, तेव्हा त्यांनी ती अंगावर घेतली आणि ओतकाम पुनःपुन्हा करून फाळ कठीण केला. माझ्या मते त्यांच्या उद्योगाचा पाया या दुरुस्तीत आहे. नांगर तयार करणे त्यामानाने सोपे होते.

तक्रार करायला आधी गिऱ्हाईक तरी यावे लागते. लोखंडाने जमिनीला विष चढते, असा समज तेव्हा पक्का होता. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. त्यात बेळगावच्या नगरपालिकेने वसाहतवाढीसाठी कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले. नांगराचे कुठे जमू लागले होते आणि पायाखालची जमीनच गेली.

औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. माळ म्हणजे नुसते निवडुंग, खडक आणि साप. १९१० च्या मार्चमध्ये लक्ष्मणराव तेथे उतरले. रामुअण्णांनी वसाहतीची घडी बसवली, शंभुअण्णा जांभेकरांनी यंत्रे सांभाळली, मंगेशराव रेग्यांनी हिशेब. तुरुंग पाहिलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी विश्वासाने कामावर घेतले. त्या वस्तीचे नाव किर्लोस्करवाडी.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि विलायती माल थांबला. देशी नांगराला मागणी चढली खरी, पण भट्टीत घालायला लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील निकामी जुन्या तोफा देऊ केल्या. त्या वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. इतिहासाच्या अभ्यासकाला हळहळ वाटेल. ज्याच्या रानात कुंदा माजला होता, त्याला वाटली नसावी.

पुढचा विस्तार सर्वांच्या परिचयाचा आहे. हातपंप, उसाचे चरक, यंत्रे आली. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांचे मासिक निघाले. अमेरिकेत शिकून आलेल्या शंतनुरावांनी व्याप वाढवला. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. किर्लोस्करवाडीत आज प्रामुख्याने पंप घडतात. नाशिकच्या दुकानात मात्र फाळ घेणारा शेतकरी अजूनही तो दगडावर हलकेच आपटून त्याचा आवाज ऐकतो आणि मगच खिशात हात घालतो.