फ्रँक मोराईस : चीन पाहून आलेले संपादक

आपल्या पत्रकात बहुतेक वेळा संतांची चरित्रे येतात. आज ज्यांच्याविषयी लिहीत आहे ते फ्रँक मोराईस काही संत नव्हते. पण आपल्या मुंबईच्या गोवन कॅथलिक समाजातला हा माणूस देशातल्या दोन मोठ्या इंग्रजी दैनिकांचा संपादक झाला, आणि सगळे एका सुरात बोलत असताना डोळ्यांनी पाहिले तेच लिहिले. मानपाड्यातल्या आपल्या तरुण मुलांना त्यांचे नाव बहुधा ठाऊक नसेल. म्हणून हा लेख.

फ्रँक यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९०७ रोजी मुंबईत झाला. धोबी तलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात जेज्वीट धर्मगुरूंच्या हाताखाली शिकून ते ऑक्सफर्डला गेले. लंडनला बॅरिस्टरही झाले. मुंबईला परतल्यावर कोर्टात पाय ठेवला, पण वकिलीत त्यांचे मन रमले नाही. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त नोकरी धरली आणि मग आयुष्यभर छापखान्याच्या शाईचा वास सुटला नाही.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात ते ब्रह्मदेश आणि चीनच्या आघाडीवर युद्धवार्ताहर होते. तेव्हा चीनमध्ये चँग कै-शेक यांचे राज्य होते. लाचलुचपत, भूक, पळापळ हे सगळे त्यांनी जवळून पाहिले. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे कम्युनिस्ट चीनवर त्यांनी टीका केली तेव्हा जुन्या राजवटीचे गोडवे गाण्यासाठी ते लिहीत नव्हते. युद्धानंतर काही वर्षे त्यांनी सिलोनमध्ये ‘टाइम्स ऑफ सिलोन’चे संपादन केले. मुंबईला परत आल्यावर १९५० साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या संपादकपदी त्यांची नेमणूक झाली. इतकी वर्षे त्या खुर्चीवर इंग्रज बसत आले होते. स्वतंत्र भारतात तिथे बसणारा पहिला भारतीय माणूस आपल्यातला होता.

१९५२ साली भारत सरकारने विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखाली एक सांस्कृतिक शिष्टमंडळ चीनला पाठवले. त्यात मोराईस होते. त्या दिवसांत आपल्याकडे चीनचे भारीच कौतुक होते. जाणारा प्रत्येक जण हारतुरे, मेजवान्या आणि मिरवणुका पाहून भारावून परत येई. मुंबईच्याच ‘ब्लिट्झ’चे संपादक रुसी करंजिया यांनी त्याच सुमारास चीनची स्तुती करणारे पुस्तक काढले. मोराईस यांचे पुस्तक, ‘रिपोर्ट ऑन माओज चायना’, १९५३ मध्ये आले ते अगदी वेगळे.

माझ्या मते त्यांचे मोठेपण या पुस्तकात आहे. चांगले दिसले त्याला त्यांनी चांगले म्हटले : रस्त्यांची स्वच्छता, कामातली शिस्त, सरकारी लाचखोरीला बसलेला आळा. पण मग ते विचारतात की याची किंमत कोण देतो आहे? सगळे लोक एकच वाक्य पाठ केल्यासारखे का बोलतात? त्याच महिन्यांत चीनमध्ये व्यापाऱ्यांविरुद्ध आणि अधिकाऱ्यांविरुद्ध मोहिमा चालू होत्या. शेजाऱ्याने शेजाऱ्याविरुद्ध, नोकराने मालकाविरुद्ध, मुलाने बापाविरुद्ध तक्रार करायची, आणि आरोपीने सर्वांसमोर कबुली द्यायची. आपल्याकडे पापनिवेदन आहे, पण ते धर्मगुरूच्या कानात आणि क्षमेसाठी असते. इथे क्षमा नव्हती.

आपल्या ख्रिस्तसभेचे तिथे काय चालले होते तेही जाता जाता सांगायला हवे. पोपमहोदयांचे प्रतिनिधी आर्चबिशप रिबेरी यांना १९५१ मध्येच चीनमधून हाकलण्यात आले होते. परदेशी मिशनरी एकामागून एक बाहेर काढले जात होते. सप्टेंबर १९५५ मध्ये शांघायचे बिशप इग्नेशियस कुंग यांना अटक झाली आणि त्यांच्या आयुष्याची पुढची तीस वर्षे तुरुंगात गेली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली त्यांना गुप्तपणे कार्डिनल केले. ते नाव जाहीर व्हायला १९९१ उजाडले.

१९५४ मध्ये पंचशील झाले आणि चीनशी भाऊबंदीच्या घोषणा आणखी वाढल्या. मोराईस यांना नेहरूंविषयी मनापासून आदर होता. १९५६ साली त्यांनी नेहरूंचे मोठे चरित्र इंग्रजीत लिहिले. पण आदर वेगळा आणि होयबा होणे वेगळे. १९५७ मध्ये ते रामनाथ गोएंका यांच्या ‘इंडियन एक्सप्रेस’चे मुख्य संपादक झाले आणि तिथून नेहरूंच्या चीनविषयक धोरणावर व संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावर सातत्याने टीका करत राहिले. १९५९ मध्ये दलाई लामा ल्हासातून निसटून भारतात आले. पुढच्याच वर्षी तिबेटच्या उठावावर मोराईस यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

मग २० ऑक्टोबर १९६२ ला चिनी फौजा सीमा ओलांडून आल्या. नोव्हेंबरात मेनन यांना पद सोडावे लागले. जे दहा वर्षे आधी सांगितले होते ते खरे ठरले, पण त्यासाठी हिमालयाच्या बर्फात आपले जवान पडले. असे खरे ठरण्यात कोणाला आनंद वाटेल?

घरी मात्र त्यांना सुख लाभले नाही. पत्नी बेरिल डॉक्टर होत्या. त्यांना मानसिक आजाराने ग्रासले आणि संसाराची घडी विस्कटली. एकुलता एक मुलगा डॉम लहानपणीच या सगळ्याचा साक्षीदार झाला. पुढे तो कवी म्हणून गाजला. १९५८ मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी, त्याला इंग्लंडचे हॉथॉर्नडेन पारितोषिक मिळाले. लहानपणीच्या त्या दिवसांविषयी त्याने आपल्या आत्मचरित्रात उघडपणे लिहिले आहे. त्यात दोष कोणाचा, हे आपण बाहेरच्यांनी ठरवू नये. आपल्या वस्तीतही मनाच्या आजाराविषयी घरे अजून बोलत नाहीत, हे मात्र खरे.

सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला मोराईस यांनी ‘इंडियन एक्सप्रेस’ सोडले आणि ते लंडनला गेले. १९७३ मध्ये त्यांचे ‘विटनेस टू ॲन इरा’ हे शेवटचे पुस्तक आले. स्वतःला त्यांनी त्या नावात काळाचा साक्षीदार म्हटले आहे. त्यानंतर वर्षभरातच, २ मे १९७४ रोजी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. मुलगा डॉम तीस वर्षांनी, २००४ च्या जूनमध्ये, मुंबईत वारला.