अंगणातील शाळा : पद्मभूषण ताराबाई मोडक

काशीक्षेत्री गंगेच्या काठाने चालू लागले, की मराठी माणसाला ओळखीची नावे भेटत जातात. मणिकर्णिकेच्या पुढे शिंदे घाट लागतो, त्याला लागून संकठा घाट, आणि गंगामहाल ओलांडला की नागपूरकरांचा भोसले घाट. संकठा घाटावर संकटनिवारिणी देवीचे देऊळ आहे. कडेवरच्या आजारी लेकरासाठी हात जोडून उभी असलेली आई तेथेही दिसते, आणि आपल्या गावच्या देवळातही दिसते. मराठी राजघराण्यांनी घाट बांधले, धर्मशाळा उभारल्या, अन्नछत्रे चालवली. दानधर्माची ती रीत थोर खरीच. परंतु त्या आईच्या संकटाचा बराचसा भाग देवळाच्या पायरीवर नव्हे, तर तिच्या स्वतःच्या अंगणात सोडवता येण्याजोगा आहे, आणि त्यासाठी घाटाइतकीच पक्की संस्था बांधावी लागते, हे ओळखून आयुष्य वेचणारी एक विदुषी महाराष्ट्रात होऊन गेली. ती म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे घराणे केळकरांचे, प्रार्थना समाजाच्या सुधारणावादी विचारांत वाढलेले. मुलींना मराठी चार इयत्तांपुढे शिकविणे अनेक घरांत अनावश्यक समजले जाई, त्या काळात, १९१४ साली, ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो संसार टिकला नाही. १९२१ साली पतिपत्नी विभक्त झाली. घटस्फोट हा शब्दही उच्चारण्यास लोक बिचकत असतील, असा तो काळ. पदरी लहानगी मुलगी आणि हाती पदवी एवढ्या शिदोरीवर ताराबाईंनी राजकोटच्या स्त्रियांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात प्राचार्यपद पत्करले. पद मानाचे होते, वेतन बेताचे नव्हते, आणि एखाद्या सामान्य बुद्धीच्या व्यक्तीने तेथेच निवृत्तीपर्यंत सुखाने काळ काढला असता.

ताराबाईंना मात्र घरातच एक प्रश्न भेडसावत होता. शाळेत जाण्याइतकी मोठी नाही आणि नुसते खेळत राहावे इतकी लहानही नाही, अशा वयाच्या मुलीचे करावे काय? स्वतः शिक्षिका असलेल्या आईलाही याचे उत्तर ठाऊक नव्हते. याच सुमारास भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी चालविलेल्या बालमंदिराची कीर्ती त्यांच्या कानी आली. गिजुभाई हे मुळात वकील. मादाम माँटेसरी यांच्या विचारांनी भारून जाऊन त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली बालमंदिर काढले. गुजरातेत त्यांना मायेने मूछाळी मा, म्हणजे मिशा असलेली आई, असे संबोधीत. १९२३ साली ताराबाई प्राचार्यपदाचा राजीनामा देऊन भावनगरला गेल्या. मोठ्या मुलींना शिकविणारी पदवीधर बाई तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर जमिनीवर बसू लागली. ही पायउतार नव्हती, हे समजण्यास समाजाला पुढे पुष्कळ वर्षे लागली. खरे पाहता आजही बालवर्गाच्या शिक्षिकेकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारून पाहावे.

१९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. संघ कशासाठी, याविषयी दोघांची दृष्टी स्वच्छ होती. एक बालमंदिर उत्तम चालले, तर शेपन्नास मुलांचे कल्याण होईल. परंतु मूल दिवसाचे तीन तास शाळेत आणि उरलेला सारा वेळ घरात असते. घरात मारझोड, धाकदपटशा, भुताखेतांची भीती आणि हट्ट पुरवून गप्प बसविण्याची सवय असेल, तर शाळेतले तीन तास वाहून जातात. म्हणून संघाने आपले काम मुलांपुरते आखले नाही. बालशिक्षिका तयार करणे आणि आईबापांना शहाणे करणे ही दोन कामे बालमंदिराच्या तोलाची मानली गेली. त्यासाठी शिक्षणपत्रिका हे मासिक गुजरातीत निघाले आणि १९३३ पासून ताराबाईंनी ते मराठीतही आणले. मूल खोटे का बोलते, जेवताना का रडते, धाकट्या भावंडाचा मत्सर का करते, अशा रोजच्या गोष्टींवर सोप्या भाषेत लिहिणारे नियतकालिक त्या वेळच्या मराठी घरांत नवलाचे होते. पालकसभा, पालकशिक्षण हे शब्द आज प्रत्येक शाळेच्या तोंडी आहेत. त्यांच्या मुळाशी ही पत्रिका आहे, याची आठवण फार थोड्यांना असते.

१९३६ साली दादर येथे ताराबाईंनी शिशुविहार सुरू केला. त्याच्या जोडीला मराठी माध्यमातून बालशिक्षिका घडविणारे अध्यापन मंदिर निघाले. शिशुविहाराची घडी उत्तम बसली. मध्यमवर्गातील सुशिक्षित आईबाप आपली मुले हौसेने पाठवू लागले. १९३९ साली गिजुभाईंचे निधन झाले, तेव्हा संघाचा भार मुख्यत्वे ताराबाईंवर येऊन पडला.

येथे त्यांच्यापुढे असा पेच उभा राहिला, की जो कोणत्याही धर्मादाय संस्थेला कधी ना कधी गाठतोच. माँटेसरी पद्धतीची साधने महागडी असत. ती घ्यायची तर शुल्क घ्यावे लागे, शुल्क घ्यायचे तर ते देऊ शकणाऱ्यांचीच मुले येत. म्हणजे संघाचे काम जितके नावारूपास येई, तितके ते ज्यांना त्याची सर्वांत अधिक गरज, त्यांच्यापासून दूर जाई. सहा वर्षांखालील मुलांची शाळा ही त्या काळी सरकारची जबाबदारी मानली जात नसे. अनुदानाचा आधार नव्हता. सुस्थितीत आलेली संस्था तशीच चालू ठेवणे सोपे होते. ताराबाईंनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मुंबई सोडली.

महात्मा गांधींच्या नयी तालीमच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होताच. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी संघाने ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा, पुण्याच्या हुजूरपागेतील नोकरी सोडून त्या आल्या. त्यांचे वय तेव्हा पस्तीस. गुरुशिष्येची ही जोडी पुढे अठ्ठावीस वर्षे एकत्र राबली.

बोर्डीत पहिला धडा शिकविणाऱ्यांनाच मिळाला. गावात बालवाडी काढली, तरी अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतील मुले तेथे येईनात. शतकानुशतके ज्यांना उंबरठ्याबाहेर ठेवले, त्यांनी एका आमंत्रणाने आत यावे, ही अपेक्षाच चुकीची होती. शिवाय आईबाप पहाटेच कामावर जात. मुलाला न्हाऊमाखू घालून वेळेवर शाळेत पोहोचविणार कोण? मूल येत नाही म्हणून पालकांना बोल लावणे ताराबाईंना पटले नाही. शाळाच वस्तीत गेली. कुणाचे तरी अंगण सारवलेले असे, एखाद्या झाडाची सावली असे; शिक्षिका तेथे जाई, मुलांना गोळा करी, त्यांचे हातपाय धुई, केस विंचरी, नखे कापी, मग गाणी, गोष्टी, खेळ. यातूनच अंगणवाडी ही कल्पना आणि हा शब्द जन्मास आला. विलायती साधनांची जागा शंखशिंपल्यांनी, चिंचोक्यांनी, पानाफुलांनी, मातीने घेतली. वर्गीकरण, मोजणी, रंगांची ओळख हे सारे त्यातून होई, आणि खर्च जवळजवळ शून्य. मुलाची आई दाराशी उभी राहून पाहत असे, हा त्यातला आणखी एक लाभ. चार भिंतींच्या आड झालेले शिक्षण आईला दिसत नाही; अंगणातले दिसते.

१९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातीलच कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारली आदिवासींचे पाडे. तेथे दारिद्र्याचे रूप निराळे होते. सातआठ वर्षांची मुलगी शाळेत येत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. मुलगा येत नसे, कारण त्याला गुरे राखायची असत. सक्ती करून उपयोग नव्हता. त्या लेकरांच्या श्रमावर घर चालत होते. तेव्हा भावंडासाठी पाळणाघर, मधल्यासाठी बालवाडी आणि थोरलीसाठी प्राथमिक शाळा असे तिन्ही एकाच आवारात आणण्यात आले. या योजनेला विकासवाडी हे नाव मिळाले. थोरली मुलगी भावंडाला घेऊनच येई, त्याला पाळणाघरात ठेवी आणि वर्गात जाऊन बसे. मजुरीवर गेलेल्या आईलाही घोर राहत नसे. गुरे राखणाऱ्यांसाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले, ती कुरणशाळा. मोठमोठ्या आयोगांच्या अहवालांतून गळतीची कारणे शोधली जातात. येथे कारण सापडले की त्याच्या शेजारी एक पाळणा टांगला जाई, इतके ते साधे होते.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. त्या मानाने त्यांच्या दिनक्रमात विशेष फरक पडला असे नाही. आपल्यामागे संस्था एका व्यक्तीच्या नावावर अडून राहू नये, यासाठी अनुताईंच्या हाती एकेक काम सोपविले जात होतेच. संस्थापकाला आपली संस्था सोडवत नाही, हा आपल्याकडील सार्वत्रिक अनुभव. त्या पार्श्वभूमीवर ही गोष्ट विशेष वाटते.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव देण्यात आले. कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ आणखी एकोणीस वर्षे, १९९२ साली मृत्यू येईपर्यंत, कामावर होत्या.