मेघनाद साहा : छोट्या दुकानदाराचा मुलगा, सूत्र आजही लेझरच्या कामी

मेघनाद साहांचा जन्म १८९३ सालचा, ढाक्याजवळच्या शेवडातली गावातला. वडिलांचं छोटं दुकान. गावात पुढची शाळा नव्हती, तेव्हा दुसऱ्या गावच्या एका डॉक्टरांनी त्यांना घरी ठेवून घेतलं. पुढे ढाक्यात बंगालच्या फाळणीविरुद्ध निषेध केला म्हणून शाळेतून काढलं, शिष्यवृत्तीही गेली. तरी शिक्षण सोडलं नाही.

किती तापमानाला वायूतले किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात, याचं सूत्र त्यांनी १९२० मध्ये मांडलं. त्यावरून ताऱ्यांचं तापमान कळू लागलं.

साहा १९५६ मध्ये वारले. पहिला लेझर आला १९६० मध्ये. आज लेझरचा जोरदार झोत धातूवर मारला की क्षणभर प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला तप्त वायू, तयार होतो. त्याच्या उजेडावरून धातूत काय किती आहे ते काढताना साहांचंच सूत्र कामी येतं.