निसर्गाचा नामकर्ता

स्वीडन हा युरोपच्या उत्तरेकडील थंड देश. तेथील हिवाळा दीर्घ असतो आणि भूमी कित्येक महिने बर्फाखाली झाकलेली असते. त्यामुळे बर्फ वितळून कुरणांत पहिली फुले दिसू लागली, की तेथील लोकांच्या आनंदाला सीमा राहत नाही. अशाच फुलांच्या दिवसांत, १७०७ सालच्या मे महिन्यात, दक्षिण स्वीडनमधील रोसहुल्ट नावाच्या खेड्यात कार्ल लिनीयसचा जन्म झाला.

कार्लचे वडील निल्स हे धर्मोपदेशक होते. त्या काळी तेथील खेडुतांना आडनाव नसे. मुलाच्या नावापुढे बापाचे नाव जोडले, की काम भागत असे. परंतु निल्स विद्यापीठात शिकावयास गेले, तेव्हा त्यांना आडनावाची गरज भासली. त्यांच्या घराण्याच्या जमिनीत ‘लिंड’ जातीचा एक प्रचंड वृक्ष होता. त्या वृक्षावरून त्यांनी ‘लिनीयस’ हे आडनाव घेतले. अशा रीतीने एका वृक्षाने या कुटुंबाला नाव दिले. पुढे याच कुटुंबातील मुलाने हजारो वृक्षवेलींना नावे देऊन जणू ते ऋण फेडले.

निल्स यांना बागेचा मोठा नाद होता. लहानगा कार्ल रडू लागला, की त्याच्या हाती एखादे फूल द्यावे आणि त्याने शांत व्हावे, असे सांगतात. तो थोडा मोठा झाल्यावर वडिलांनी त्याला बागेचा एक तुकडा स्वतंत्र तोडून दिला. कार्ल दिसेल त्या झाडाचे नाव विचारी, वडील सांगत, आणि दुसऱ्या दिवशी तो ते विसरून जाई. पुन्हा तेच फूल आणि पुन्हा तोच प्रश्न! शेवटी वडिलांनी त्याला बजावले, की सांगितलेली नावे ध्यानात राहणार नसतील, तर यापुढे एकही नाव सांगितले जाणार नाही. त्या बोलण्याने बालकाचे मन धसकले. नावे कळली नाहीत, तर ही सारी बाग आपल्याला मुकी होईल, असे त्याला वाटले असावे. त्या दिवसापासून ऐकलेले नाव तो मनात जपून ठेवू लागला.

शाळेत मात्र कार्लची प्रगती यथातथाच होती. वेक्शो येथील शाळेत असताना वर्गापेक्षा रानातच त्याचे मन अधिक रमे. हा मुलगा धर्मोपदेशक होण्याच्या योग्यतेचा नाही, त्याला एखाद्या कारागिराच्या हाताखाली ठेवावे, असा सल्ला शिक्षकांनी वडिलांना दिला. निल्स अत्यंत निराश झाले. परंतु त्या गावचे वैद्य रोथमान यांनी मुलाची खरी ओढ ओळखली. त्या काळी बहुतेक औषधे वनस्पतींपासूनच होत. म्हणून वैद्याला वनस्पतींचे ज्ञान असावे लागे. हा मुलगा उत्तम वैद्य होईल असे सांगून त्यांनी कार्लला आपल्या घरी ठेवून घेतले आणि शिकविले. एका जाणत्या माणसाच्या पारखी दृष्टीमुळे त्याच्या आयुष्याची दिशा ठरली.

प्रथम लुंड आणि नंतर १७२८ मध्ये उप्साला येथील विद्यापीठात कार्लने प्रवेश घेतला. जवळचे पैसे लवकरच संपले. फाटलेल्या बुटांत कागद घालून त्याला दिवस काढावे लागले. एके दिवशी विद्यापीठाच्या बागेत तो फुलांचे निरीक्षण करीत असता उलोफ सेल्सियस या विद्वान गृहस्थांनी त्याला पाहिले. ज्याचे नाव तापमापकामुळे जगाच्या तोंडी आहे, त्या आंदेर्स सेल्सियसचे हे चुलते. या फाटक्या वेषातील विद्यार्थ्याला वनस्पतींची किती नावे ठाऊक आहेत हे पाहून ते चकित झाले. त्यांनी त्याला आपल्या घरी आश्रय दिला. बालपणी जपलेली नावे संकटकाळी अशी उपयोगी पडली.

१७३२ साली लिनीयस उत्तरेकडील लॅपलँडच्या प्रवासास निघाला. दलदली, थंडगार नद्या आणि डासांचे थवे यांतून त्याने एकट्याने कित्येक महिने प्रवास केला. तेथील सामी लोक त्या काळी रेनडियर पाळून राहत. कोणती वनस्पती जनावरे खातात, कोणती माणसाच्या उपयोगी पडते, हे त्याने त्यांच्याकडून जाणून घेतले. त्या रानातील एक नाजूक वेल त्याला फार आवडे. तिच्या एका देठावर दोन फिकट गुलाबी फुले लहानशा घंटांसारखी लोंबत असतात. पुढे ग्रोनोव्हियस या त्याच्या डच मित्राने त्या वेलीला लिनीयसचेच नाव दिले.

यानंतर तो हॉलंडला गेला. तेथे १७३५ साली त्याने आपला पहिला महत्त्वाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आकाराने मोठी, पण संख्येने अवघी बाराएक पाने! तेवढ्यात त्याने खनिजे, वनस्पती आणि प्राणी या तिन्ही सृष्टींची मांडणी केली होती. क्लिफर्ड नावाच्या धनिकाच्या बागेची व्यवस्थाही त्याच्याकडे आली. त्या बागेत काचेच्या उबदार घरांत दूरदूरच्या देशांतील झाडे वाढविलेली होती. त्या थंड देशात केळीला फुले व फळे आली, तेव्हा लोकांना मोठे नवल वाटले. लिनीयसने तर केवळ केळीवर एक पुस्तक लिहिले.

आता लिनीयसला जी अडचण डाचत होती, ती समजून घेऊ. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. सोनचाफा, हिरवा चाफा आणि देवचाफा या तिघांनाही आपण चाफा म्हणतो. परंतु ही तिन्ही झाडे अगदी निरनिराळ्या कुळांतील आहेत. उलट, माळरानावर पसरणाऱ्या एकाच काटेरी झुडुपाला कोणी घाणेरी म्हणतात, तर कोणी टणटणी. एका जिल्ह्यात जर हा घोटाळा, तर साऱ्या जगात किती असेल! विद्वान लोक लॅटिन भाषेत लिहीत. पण त्यांची नावे म्हणजे लांबलचक वर्णनेच असत. टोमॅटोचे नाव घ्यावयाचे, तर काटे नसलेल्या मऊ खोडाचे, पिसासारखी कातरलेली पाने असणारे अमुक झाड, एवढे सारे म्हणावे लागे. एखादी नवी जात सापडली, की ही वर्णने आणखी लांबत.

लिनीयसने यावर दोन उपाय केले. पहिला उपाय वर्णनाच्या शब्दांचा. पान गोल आहे, लांबट आहे, छान आहे, असे ढोबळ बोलून भागत नाही. पिंपळाचे पान हृदयाच्या आकाराचे असते व त्याचे टोक शेपटीसारखे निमुळते होते. कण्हेरीचे पान भाल्याच्या पात्यासारखे असते. कडुलिंबाच्या पानाची कड करवतीसारखी दातेरी असते. अशा प्रत्येक आकाराला, कडेला, देठाला आणि पाकळ्यांच्या रचनेला एकेक निश्चित शब्द असावा, आणि त्या शब्दाचा अर्थ सर्वांनी एकच घ्यावा, हे त्याने १७५१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नियम घालून दिले. शब्द नेमका मिळाला, की डोळाही नेमके पाहू लागतो.

दुसरा उपाय नावांचा. माणसाला जसे आडनाव आणि स्वतःचे नाव असते, तशी प्रत्येक वनस्पतीला दोनच शब्दांची ओळख द्यावी, असे त्याने ठरविले. पहिला शब्द तिच्या जवळच्या नातलगांचा, दुसरा केवळ तिचा. वड आणि पिंपळ ही दोन्ही झाडे ‘फायकस’. त्यांतील वड तो बंगालचा आणि पिंपळ तो धर्मात पूज्य मानलेला, असे त्यांच्या नावांचे अर्थ आहेत. १७५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने सुमारे सहा हजार वनस्पतींना अशी नावे दिली. १७५८ साली प्राण्यांनाही हीच पद्धत लावली. तेव्हापासून आपला मोर शास्त्रज्ञांच्या भाषेत तुरेवाला मोर झाला.

लिनीयस हिंदुस्थानात कधीच आला नाही. मग आपली झाडे त्याला कशी ठाऊक झाली? केरळातील वनस्पतींविषयी बारा खंडांचा एक सचित्र ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात हॉलंडमध्ये छापला गेला होता. त्याच्या पाठीशी इट्टी अच्युतन हे केरळीय वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व आपुभट हे कोचीनमधील कोकणी भाषिक वैद्य यांचे ज्ञान होते. या तिघांचे कोकणी प्रशस्तिपत्र त्या ग्रंथात नागरी लिपीत छापलेले आहे. लिनीयसने या ग्रंथाचा पुष्कळ उपयोग केला. आपल्या बकुळीच्या शास्त्रीय नावात ‘एलेंगी’ हा शब्द आहे. तो मलयाळम भाषेतून आला आहे. जगाला माहीत झालेल्या नावांमागे अशा अनेक जाणत्या माणसांचे श्रम असतात.

१७४१ पासून लिनीयस उप्सालाला प्राध्यापक होता. तो शिष्यांना घेऊन रानावनांत सहलीस निघे व परतताना ही मंडळी शिंगे आणि नगारे वाजवीत गावात येई. त्याचे शिष्य वनस्पतींच्या शोधार्थ जपानपासून अमेरिकेपर्यंत गेले. परंतु सारेच परत आले नाहीत. टार्नस्ट्रॉम नावाचा शिष्य पूर्वेकडे जाताना १७४६ साली वाटेतच वारला. त्याच्या पत्नीने लिनीयसला दोष दिला, आणि तो दोष त्याच्या मनाला लागला. पुढे हॅसेलक्विस्ट, लोफलिंग, फोर्सकोल हेही परदेशातच मरण पावले. एकेका नावासाठी केवढी किंमत मोजावी लागली!

लिनीयसच्या हातून चुकाही झाल्या. देवमाशाला तो बरीच वर्षे मासाच समजत होता. १७५८ साली मात्र त्याने त्याला सस्तन प्राण्यांत बसवून चूक सुधारली. माणसांचे वर्ण पाहून त्याने जे गट पाडले व त्यांना जे गुणदोष चिकटविले, ते मात्र साफ चुकीचे होते. विज्ञानाने पुढे ते टाकून दिले. नाव देणाऱ्याची जबाबदारी किती मोठी असते, हे यावरून ध्यानात येते.

आयुष्याच्या अखेरीस त्याच्यावर पक्षाघाताचे आघात झाले. ज्याच्या स्मरणात हजारो नावे होती, त्याची स्मृती मावळू लागली. स्वतःचेच ग्रंथ तो कौतुकाने चाळी, पण ते आपण लिहिले आहेत हे त्याला उमगत नसे. शेवटी त्याला स्वतःच्या नावाचीही आठवण राहिली नाही, असे सांगतात. १० जानेवारी १७७८ रोजी उप्साला येथे त्याचे देहावसान झाले.

तो आपले नाव विसरला, पण जग त्याला विसरले नाही. त्याने घालून दिलेली दोन शब्दांची रीत आजही सर्व देशांत पाळली जाते, आणि नव्याने सापडणाऱ्या प्रत्येक वनस्पतीला व प्राण्याला त्याच रीतीने नाव मिळते. आपल्या अंगणात, शाळेच्या वाटेवर, बांधावर कितीतरी झाडे उभी आहेत. त्यांतील किती झाडांची नावे आपल्याला सांगता येतील? घरातील वडीलधाऱ्यांना ती विचारावीत, पानाची कड आणि फुलाच्या पाकळ्या नीट पाहाव्यात, आणि एकदा ऐकलेले नाव मनात जपून ठेवावे. स्टेनब्रुहुल्टच्या बागेतील त्या लहान मुलानेही प्रथम एवढेच केले होते.