झोपडीपाशी रडणारे कुत्रे

हिंगोली जिल्ह्यातले कयाधू नदीकाठचे नरसी नामदेव हे गाव संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते. आषाढी करून परतलेले वारकरी वद्य एकादशीला येथे गर्दी करतात. त्या गर्दीतल्या लहान पोरालाही एक गोष्ट ठाऊक असते. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही ती गोष्ट. मराठी पडद्याच्या आरंभकाळातही असेच एक कुत्रे होऊन गेले. ते कुणाची पोळी घेऊन पळाले नाही. एका अंधाऱ्या झोपडीपाशी ते नुसते रडले. त्याला रडायला लावले कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. घराणे कारागिराचे. चित्रकला आणि शिल्पकला ते कुठल्या शाळेत शिकले नाहीत, हाताला वळणच तसे होते. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडून लोक त्यांना पेंटर म्हणू लागले. महाल, अरण्ये आणि राजरस्ते कापडावर उभे करणाऱ्या या दोघा भावांना हलत्या चित्रांचे वेड लागले. स्वतःचा कॅमेरा घडवायचा, असा आनंदरावांचा ध्यास होता. पण १९१६ साली ते अकाली गेले. भावाचे अर्धे राहिलेले काम बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने पुरे केले आणि कोल्हापुरात कॅमेरा तयार झाला. लोहार-सुतारांची परंपरा असलेल्या गावाला हे शोभण्यासारखेच होते.

पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली. पैसा गायिका तानीबाई कागलकर यांनी पुरवला, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण अशी नावे आपण लवकर विसरतो. १९२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन थिएटरात ‘सैरंध्री’ लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. १९२३ मध्ये ‘सिंहगड’ आला. त्यात कृत्रिम दिव्यांचा वापर करून बाबूरावांनी अंधारही चित्रित करून दाखवला. पुढे झोपडीच्या दृश्यात उपयोगी पडला तो हाच अनुभव.

तोवर पडद्यावर होते देव आणि राजे. १९२५ मध्ये बाबूरावांनी नारायण हरी आपटे यांची कथा घेऊन ‘सावकारी पाश’ काढला आणि पडद्यावर शेतकरी आणला. खोट्या कागदपत्रांच्या जोरावर सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी गाव सोडून शहरातल्या गिरणीत मजुरीला जातो, अशी ती कथा. तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले. हा विषय पुस्तकातून उचललेला नव्हता. १८७५ मध्ये पुणे-नगरच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली होती. त्यातून १८७९ मध्ये सरकारला कायदा करावा लागला, तरी पाश सुटला नव्हता. प्रेक्षकांमध्ये ज्यांच्या घरात अशी खते लिहिली गेली असतील, अशी माणसे काही कमी नसणार.

या मूकपटातले एक दृश्य पाहणारे विसरले नाहीत. काळवंडलेली झोपडी, जेमतेम उजेड आणि रडणारे कुत्रे. पुढे स्वतः चित्रपट काढणाऱ्या जे. बी. एच. वाडिया यांच्याही मनात ते अनेक वर्षे राहिले. कुत्रे रडू लागले की आपल्याकडे घरातली म्हातारी माणसे त्याला हाकलायला उठतात, कारण ते कुणाचे तरी मरण सांगते असे मानतात. बाबूरावांनी हे जाणून घेतले असावे, असे मला वाटते. चित्रपटाला आवाज नव्हता. वर झालेला गळा आणि उघडलेला जबडा पाहून प्रत्येकाने तो आवाज आपल्याच कानात ऐकला. घरावर संकट आल्याचे सांगायला पाटी दाखवण्याची गरज उरली नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत रिन टिन टिन हे कुत्रे पडद्याचा राजा झाले होते. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, फ्रान्सच्या रणभूमीवर एका अमेरिकन सैनिकाला ते पिल्लू सापडले आणि १९२३ पासून त्याच्या चित्रपटांनी वॉर्नर कंपनीला तारले. ते उड्या मारी, चोरांवर झडप घाली, मालकाला वाचवी. आपल्याकडेही १९३५ च्या ‘हंटरवाली’नंतर वाडियांच्या स्टंटपटांमधला ‘पंजाब का बेटा’ हा नादियाचा घोडा पोराटोरांचा लाडका झाला. कोल्हापूरच्या कुत्र्याने मात्र कुणालाही वाचवले नाही. शेतकऱ्याची जमीन गेली ती गेलीच. बाबूरावांची नजर वेगळी होती, ती इथे दिसते.

पण लोकांना ते रुचले नाही. ‘सावकारी पाश’ गल्ल्यावर फारसा चालला नाही आणि कंपनी पुन्हा देवादिकांकडे आणि इतिहासाकडे वळली. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले. त्यांनी १९२९ मध्ये सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह ‘प्रभात’ काढली. बोलपट आले आणि गुरू मागे राहिले. तरी १९३६ मध्ये बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा काढला, या वेळी बोलपट म्हणून. एकदा आपटी खाल्लेल्या विषयाकडे अकरा वर्षांनी परतणारा हा माणूस हट्टी होता, यात शंका नाही.

१६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. तेथे खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे स्मारक आहे. १९२५ च्या त्या मूकपटाची प्रत मात्र उरलेली नाही.