विश्लेषण : लॉरेन्स ऑफ अरेबियाचा मृत्यू पाहणाऱ्या डॉक्टरने पुढे काय उभारले? कोण होते ह्यू केर्न्स?

मे १९३५. इंग्लंडमध्ये दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना टी. ई. लॉरेन्स म्हणजेच 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' मोटारसायकलवरून फेकले गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवस बेशुद्ध राहून त्यांचा मृत्यू झाला. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांमध्ये मेंदूचे सर्जन ह्यू केर्न्स होते.

हेल्मेटची ही गोष्ट अनेकांना ठाऊक आहे. मात्र केर्न्स यांचे मोठे काम वेगळेच.

कॉलेजचे झाले रुग्णालय

केर्न्स मूळचे ऑस्ट्रेलियाचे, जन्म १८९६चा. अमेरिकेत हार्वे कुशिंग यांच्याकडे ते मेंदूची शस्त्रक्रिया शिकले आणि १९३७मध्ये ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर तिथले मुलींचे सेंट ह्यूज कॉलेज ताब्यात घेण्यात आले. १९४०मध्ये तिथे फक्त डोक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी रुग्णालय सुरू झाले. १९४५पर्यंत १३ हजारांहून अधिक रुग्णांवर इथे उपचार झाले. सर्जन, मेंदूविकारतज्ज्ञ, परिचारिका सगळे एकाच छताखाली. नवे डॉक्टर इथेच तयार होत. रुग्णांच्या नोंदी इतक्या नीट ठेवल्या गेल्या की युद्धानंतरही त्यावर संशोधन चालू राहिले.

फिरती पथके कशासाठी?

खरी अडचण अंतराची होती. मेंदूला जखम झालेला रुग्ण शस्त्रक्रियेआधी प्रवास बऱ्यापैकी सोसतो, शस्त्रक्रियेनंतर लगेच हलवला तर धोका वाढतो. शिवाय घाईत केलेली अर्धवट शस्त्रक्रिया जंतुसंसर्गाला आमंत्रण. त्यामुळे जवळच्या कोणत्याही सर्जनने ऑपरेशन करण्याऐवजी तज्ज्ञांचे पथकच गाडीतून आघाडीजवळ न्यायचे, असे ठरले. सर्जन, भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि सगळी अवजारे सोबत. फ्रान्समध्ये गेलेले पहिले पथक १९४०मध्ये जर्मनांच्या हाती लागले. तरी योजना गुंडाळली नाही. उत्तर आफ्रिकेत अशी पथके उपयोगी ठरली. १९४३मध्ये केर्न्स आणि हॉवर्ड फ्लोरी तिथे गेले आणि जखमांवर तेव्हा दुर्मिळ असलेले पेनिसिलिन वापरून पाहिले.

हेल्मेटचे काय झाले?

१९४१मध्ये केर्न्स यांनी मोटारसायकलस्वारांच्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. हेल्मेट घातलेले फक्त सात जखमी त्यांच्या पाहण्यात आले होते, सातही वाचले. आकडा अगदीच छोटा, पण त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने ड्युटीवरील स्वारांना हेल्मेट बंधनकारक केले.

केर्न्स १९५२मध्ये कर्करोगाने गेले. ब्रिटनमध्ये सर्वसामान्य स्वारांसाठी हेल्मेटसक्ती आली ती १९७३मध्ये. भारतात १९८८च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १२९मध्ये ही तरतूद आहे.